चार क्रेडिट कमी

मी आयुष्यात एका माणसाला त्याच्या मनाविरुद्ध पदवीधर केलं. रविवारी कामाला येऊन, समितीतल्या प्राध्यापकांशी भांडून आणि वर पेढे वाटून केलं. त्या गृहस्थांना पदवी नको होती. चार क्रेडिट कमी असणं ही त्यांची सोय होती. त्या चार क्रेडिटांच्या आडोशाला ते आपल्या गावात, आपल्या घरात राहत होते, आणि तो आडोसा मी स्वतःच्या हातांनी काढून टाकला. हे मला कळलं तेव्हा प्रमाणपत्र छापून झालं होतं.

सगळे त्यांना अण्णा म्हणत. शिकवणारे, शिपाई, प्राचार्य, सगळेच. वय एकोणसत्तर आणि नाव बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाच्या हजेरीपटावर. आमचं कॉलेज बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये आहे, संध्याकाळी भरतं, आणि तिथे येणारे सगळे शिक्षण मध्येच सोडून आयुष्याला लागलेले लोक असतात. कुणी लग्नामुळे सोडलेलं, कुणी बाप गेला म्हणून, कुणी नुसताच कंटाळून. ते जुन्या गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या फाइलीत घालून माझ्या खिडकीशी येतात आणि मी त्यातले कुठले विषय आमच्याकडे धरता येतील ते सांगते. प्रत्येक विषयाचे तीन-चार क्रेडिट असतात. एकशे वीस क्रेडिट झाले की पदवी. पण त्यातले निम्मे, म्हणजे साठ, आमच्याच वर्गात बसून मिळवावे लागतात. बाहेरून तुम्ही काय वाटेल ते घेऊन या, साठाच्या वर आम्ही धरत नाही.

या निम्म्याच्या नियमावरून मी रोज शिव्या खाते. "मॅडम, नव्वद क्रेडिट घेऊन आलोय मी, तुम्ही तीस कचऱ्यात टाकताय?" असं एक बँकेतले गृहस्थ इतक्या जोरात ओरडले होते की रांगेतल्या बाईंची पाण्याची बाटली खाली पडली. एका नर्सबाईंनी मला शांतपणे विचारलं, "मी जे एकदा शिकले ते तुमच्या इमारतीत शिकले नाही, एवढाच माझा गुन्हा का?" नियम मी केलेला नाही, हे वाक्य मी दिवसातून इतक्या वेळा बोलते की आता मला त्यात लाजही वाटत नाही.

अण्णा कधी भांडले नाहीत, कारण त्यांनी बाहेरून काहीच आणलं नव्हतं. ते शून्यापासून सुरू झाले. पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनी दोन वर्षं बी.एस्सी. केलं होतं, त्याची गुणपत्रिका फाइलीत होती, कारण अर्जात पूर्वीचं शिक्षण लिहा असं म्हटलेलं होतं आणि अण्णा विचारलेलं लपवणाऱ्यातले नव्हते. पण त्यातलं काही धरा, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. "ते जुनं आहे की. असू दे तिथंच," एवढंच.

बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात ते चौतीस वर्षं गिअर तपासत होते. गिअरचा एकेक दात मोजायचा आणि पास की नापास ते सांगायचं. कारखाना सुटला तरी तपासणी सुटली नाही. खिशात पोलादी पट्टी आणि टोक काढलेली पेन्सिल कायम. वर्ग पावणेसहाला, अण्णा पाचला हजर. आल्या आल्या नोटीसबोर्डासमोर उभे राहून प्रत्येक नोटीस वाचायची आणि चुका पेन्सिलीने सुधारायच्या. प्राचार्यांच्या सहीच्या नोटिशीतही त्यांनी एकदा तारीख दुरुस्त केली होती, आणि ती दुरुस्ती बरोबर होती, म्हणून दोनशे माणसं चुकीच्या दिवशी परीक्षेला यायची वाचली. त्यानंतर प्राचार्य नोटीस लावायच्या आधी अण्णांना दाखवून घ्यायचे.

तिसऱ्या रांगेतला खिडकीकडचा बाक त्यांचा. तो डुगडुगायचा. पहिल्याच आठवड्यात अण्णांनी बसची तिकिटं घडी करून त्याच्या एका पायाखाली घातली आणि मग पट्टी लावून तो चारही बाजूंनी समपातळीत आहे का ते पाहिलं. दर सत्राच्या सुरुवातीला हा कार्यक्रम व्हायचा. हजेरीला ते उभे राहून "प्रेझेंट" म्हणत. वर्गातल्या चाळिशीच्या बायका आधी हसायच्या, मग त्यांच्या वह्या मागून न्यायच्या. अण्णांच्या वह्या म्हणजे छापील पुस्तकं. आधी पेन्सिलीने लिहायचं, घरी जाऊन तपासायचं, मग त्यावरून शाईने गिरवायचं. फॉर्मसुद्धा तसेच भरायचे. आधी पेन्सिल, मग दोन वेळा वाचन, मग शाई. एक पानभर अर्ज भरायला पाऊण तास. मागची रांग ताटकळली की मी म्हणायचे, "अण्णा, सरळ पेनानं लिहा ना."

"पेन्सिल म्हणजे विचार चाललाय, अक्का. शाई म्हणजे झालं. झालेलं परत घेता येत नाही की."

मी त्यांच्या मुलीहून लहान, तरी मला अक्का. मी एकदा तक्रार केली तर म्हणाले, "खिडकीच्या आत बसतं ते मोठं. बाहेर उभं राहतं ते लहान. वय बघायचं नाही त्यात."

मी नागपूरची. नवरा नाही, म्हणजे होता, आता नाही, त्याबद्दल इथे लिहायचं काही नाही. बेंगळुरूला आले तेव्हा या कॉलेजात दोन जागा होत्या, एक सकाळची आणि एक संध्याकाळची. सगळे सकाळची मागतात. मी संध्याकाळची मागितली. सहा वाजता कुलूप उघडून रिकाम्या घरात शिरायचं आणि दिव्याचं बटण दाबायचं, हे मला झेपत नव्हतं. आई फोनवर विचारायची, "काय करून राहिली गं तिकडे? कधी येते घरी?" मी म्हणायचे, येईन. घर म्हणजे नागपूर, यात मला तेव्हा शंका नव्हती. इथे माझ्याशी मराठीत बोलणारं रोजचं माणूस एकच होतं, अण्णा. तेही कसल्या मराठीत! अर्धं घरचं, अर्धं कन्नड. त्यांचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि राहिले, एवढंच त्यांना ठाऊक. कुठून आले, ते गाव कुणालाच आठवत नव्हतं.

पाच ते पावणेसहा ते माझ्या खिडकीशी उभे असायचे. स्टीलचा लहान डबा आतल्या बाजूला सरकवायचे. कधी लिंबू पिळलेलं चित्रान्न, कधी थंडीच्या दिवसांत अवरेकाळू, म्हणजे आपल्याकडचे पावटे, सोलून केलेली उसळ. ते पावटे एकेक करून सोलायला किती वेळ लागतो ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "एवढा खटाटोप कशाला करता एकट्यासाठी?"

"वेळ जातो की," ते म्हणाले. "सकाळ सरते, अक्का. सकाळी कामं असतात. भाजी आणा, पाणी भरा, पेपर वाचा. संध्याकाळ सरत नाही. आमची ही असताना संध्याकाळ कधी व्हायची कळायचं पण नाही. आता ती पाचला येऊन समोर बसते आणि उठतच नाही."

हे वाक्य मला कळायला हवं होतं. जगात कुणाला नाही तरी मला कळायला हवं होतं. मी मान डोलावली, उसळ खाल्ली आणि डबा धुऊन परत दिला.

आता त्या चार क्रेडिटांचं. अण्णांचे एकशे सोळा क्रेडिट कधीच झाले होते. राहिला होता एक विषय, संख्याशास्त्र. ज्या माणसाने चौतीस वर्षं दर शंभर गिअरमध्ये किती वाकडे निघणार याचे तक्ते काढले, तो संख्याशास्त्रात अडकला होता! पहिल्या वेळी परीक्षेच्या दिवशी त्यांना ताप होता. दुसऱ्या वेळी तंजावरला चुलत घराण्यात लग्न होतं. तिसऱ्या वेळी आले, तिसऱ्या रांगेत बसले, आणि उत्तरपत्रिकेत एवढंच लिहिलं की चौथ्या प्रश्नातल्या तक्त्यात आकड्यांची बेरीज जुळत नाही, तरी योग्य तक्ता खालीलप्रमाणे. मग योग्य तक्ता काढला, खाली रेघ मारली आणि अर्ध्या तासात बाहेर आले. तपासणाऱ्यांनी तक्ता बरोबर असल्याचं मान्य केलं आणि शून्य गुण दिले. अख्ख्या स्टाफरूममध्ये तो किस्सा गाजला. म्हातारा परीक्षेला घाबरतो, असा सगळ्यांचा निष्कर्ष निघाला. माझाही.

नापास झाले की अण्णा तोच विषय परत घ्यायचे आणि जोडीला दुसऱ्या कुठल्या तरी वर्गात नुसतं ऐकायला बसायची परवानगी मागायचे. ती मीच द्यायचे.

मुलगी पुण्यात होती. एकुलती एक, चांगली नोकरी, मोठा फ्लॅट. "बाबा, या" म्हणून सारखा फोन. अण्णा तिला काय सांगायचे ते मी माझ्या कानांनी खिडकीशी ऐकलं होतं. "पदवी होऊ दे, मगा, पोरी. पदवी झाली की येतो. शब्द दिलाय की तुला." फोन ठेवून ते माझ्याकडे बघून हसायचे. मला वाटायचं, बिचारे. लेकीकडे जायला आतुर झालेत आणि एका भिकार पेपरापायी अडकून पडलेत. मराठी माणूस, पुणं म्हणजे त्यांना घरीच गेल्यासारखं. मला नागपूरला जायचं होतं ना, मग जगातल्या प्रत्येक मराठी माणसाला तिकडेच जायचं असणार.

खरं तर त्यांनी मला पुण्याची गोष्ट सांगितली होती. एकदा महिनाभर राहून आले होते. कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि विचारलं, "स्वल्प कढीपत्ता मिळतो काय की?" दुकानदाराने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि हिंदीत विचारलं, "अंकल, क्या चाहिए?" अण्णा परत मराठीत बोलले, तो परत हिंदीत. "साडेतीनशे वर्षं आमी घरात मराठी ठेवली, अक्का," अण्णा म्हणाले, "आणि पुण्यात जाऊन मी परदेशी झालो." सांगताना ते हसत होते, म्हणून मीही पोटभर हसले. आता ती गोष्ट आठवली की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आमच्याकडे आणखी एक नियम आहे. मिळवलेले क्रेडिट सात वर्षं टिकतात. तेवढ्यात पदवी पुरी झाली नाही तर सगळ्यात जुने आधी गळायला लागतात. त्या वर्षी मार्चमध्ये मी यादी काढली आणि त्यात अण्णांचं नाव निघालं. जुलैत त्यांच्या पहिल्या सत्राचे वीस क्रेडिट जाणार होते. संध्याकाळी ते आल्याबरोबर मी सांगितलं.

ते जराही हलले नाहीत. "सरी, बरं. पहिल्या वर्षाचे गेले की पहिलं वर्ष परत शिकू की."

"अहो अण्णा, मग दुसऱ्या वर्षाचे जातील!"

"मग दुसरं."

केवढं हे धैर्य, असं मला वाटलं. माणूस आपली निराशा लपवतोय, असं वाटलं. आणि मी ठरवलं की मी जिवंत असेपर्यंत हे वीस क्रेडिट वाया जाऊ देणार नाही.

फाइलीतली ती पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गुणपत्रिका मी बाहेर काढली. बी.एस्सी. दुसरं वर्ष, संख्याशास्त्र, पहिला वर्ग. एवढंच हवं होतं! पण नुसती गुणपत्रिका चालत नाही, त्या वेळचा अभ्यासक्रम लागतो, आमच्या अभ्यासक्रमाशी ताडून दाखवायला. त्यांच्या जुन्या कॉलेजच्या ग्रंथपालबाईंना मी चार पत्रं लिहिली. शेवटी दोन रविवार त्यांच्या तळघरात बसून आम्ही दोघींनी ती पुस्तिका शोधली. पिवळी पडलेली, कडा कुरतडलेली. मी एकेक प्रकरण जुळवलं. कारखान्यातून अनुभवाचा दाखला मागवला. समितीसमोर उभी राहिले, तेव्हा एक प्राध्यापक म्हणाले, एवढं जुनं ज्ञान टिकतं का? आयुष्यात मी वरिष्ठांपुढे आवाज चढवलेला नव्हता, तो त्या दिवशी चढवला. म्हटलं, "सर, तुमच्या प्रश्नपत्रिकेतली चूक ज्यांनी काढली त्यांचं ज्ञान टिकलं नाही म्हणता?" सगळे हसले आणि ठराव मंजूर झाला. उरली होती अर्जदाराची सही.

अण्णा पाच वाजता आले, तेव्हा अर्ज मी संपूर्ण भरून ठेवला होता. त्यांना वाचत बसायला नको म्हणून. खिडकीतून सरकवला आणि म्हटलं, "इथे सही करा. तुमचं काम केलंय मी."

अण्णांनी अर्जाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. खिशातली पेन्सिल काढली नाही. माझं पेन मागितलं आणि सही केली. पाऊण तास लावणाऱ्या माणसाने पाच सेकंदात. मला वाटलं, हा माझ्यावरचा विश्वास. मी लगेच पेढ्यांचा पुडा उघडला, अर्ध्या कॉलेजला ओरडून सांगितलं. नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या, बँकेतल्या गृहस्थांनी अण्णांना मिठी मारली. अण्णांनी पेढा घेतला, खाल्ला नाही, रुमालात बांधून ठेवला. वर्ग सुरू झाल्यावर मी डोकावले तर ते बाकाच्या पायाखालची तिकिटं काढून नव्याने घडी घालत होते.

पदवीदानाला पुण्याहून मुलगी आली. काळ्या झग्यात अण्णा व्यासपीठावर चढले तेव्हा सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. प्राचार्य जिद्द, प्रेरणा वगैरे बोलले. अण्णांनी प्रमाणपत्र घेतलं आणि तिथेच उभं राहून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, मागचे लोक खोळंबले. मग खाली उतरले. मी इतकी खूश होते की माझ्या डोळ्यांत पाणी होतं.

कार्यक्रम झाल्यावर मुलगी माझ्याजवळ आली. माझे दोन्ही हात धरले. "ताई, तुमचे किती आभार मानू? आठ वर्षं मी यांना बोलावतेय. आई गेल्यापासून. दर वेळी पदवी व्हायची आहे म्हणून सांगायचे. हे मुद्दाम पेपर देत नाहीत, हे मला कळत होतं, पण बोलणार काय? हे शहर सोडायचं नव्हतं त्यांना. पण एकटे राहतात, वय झालंय, मला झोप लागत नाही तिकडे. आता शब्द दिलाय म्हटल्यावर ते मोडणार नाहीत. तुमच्यामुळे झालं."

ती वाईट मुलगी नव्हती. तिचं काहीच चुकलं नव्हतं. समोर अण्णा बँकेतल्या गृहस्थांबरोबर फोटो काढून घेत होते, झगा खांद्यावरून घसरत होता आणि ते तो परत परत वर ओढत होते.

सोमवारी पाच वाजता अण्णा नेहमीसारखे फाटकाशी आले. कार्ड लावलं, लाल दिवा लागला. पदवी मिळालेल्यांची कार्डं बंद होतात, आणि त्याची यादी माझ्याच टेबलावरून जाते. त्या यादीत अण्णांचं नाव मीच टाइप केलं होतं, सवयीने, लक्षही न देता. वॉचमनने स्वतःचं कार्ड लावून त्यांना आत घ्यायचा प्रयत्न केला. मी धावत खाली गेले तेव्हा अण्णा त्याला समजावत होते. "बेडा, बेडा, नको. मशीनचं बरोबर आहे. तपासणीत नापास ते नापास." मला पाहून म्हणाले, "सवयीनं पाय आले, अक्का." डबा माझ्या हातात दिला आणि वळून निघून गेले. मी फाटकाशी डबा धरून उभी राहिले. इतकं एकटं मला त्या शहरात आल्या दिवशीही वाटलं नव्हतं.

दोन दिवस मी नियमांची पुस्तिका चाळत होते. तिसऱ्या दिवशी सुट्टी टाकून अण्णांच्या घरी गेले. कॉलेजपासून चालत दहा मिनिटं, खाली इस्त्रीवाला, वर दोन खोल्या. मुलगी खोकी बांधायला दोरी आणायला गेली होती. भिंतीवर फोटोच्या जागी चौकोनी डाग होते. मी बसलेही नाही, थेट विचारलं, "तुम्ही मला सांगितलं का नाही? अर्ज न वाचता सही का केली?"

"वाचला की. वरची ओळ वाचली. एवढं पुरतं."

"मग?"

अण्णांनी खिशातली पट्टी काढून हातात फिरवली. "तीन वर्षं बघतोय तुम्हाला त्या खिडकीत. कधी हसला नाहीत. माझ्या गोष्टींना हसायच्या, ते वेगळं. त्या दिवशी तुमी अशा हसत होता, लहान पोरीसारख्या. आता हिला काय म्हणायचं, नको म्हणून? ते काय जमलं नाही मला."

मी रडले. त्यांनी पाणी आणून दिलं, आणि मी रडायची थांबेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग मी पर्समधून नवा प्रवेशअर्ज काढला. दुसऱ्या पदवीचा. इतिहास घ्या, कन्नड घ्या, काहीही घ्या. त्यांनी तो टेबलावर पसरला, चष्मा लावला आणि या वेळी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. वाचता वाचता एका ठिकाणी पट्टी ठेवून थांबले.

"म्हणजे आधीचं कितीही असलं तरी निम्मे क्रेडिट इथंच बसून घ्यायचे?"

"हो. साठ. बाहेरचे, जुने, काही धरत नाहीत. बसावंच लागतं."

"किती दिवस?"

"दोन वर्षं तरी."

"छान नियम आहे," अण्णा म्हणाले. "लोक उगीच भांडतात."

त्यांनी पेन्सिल काढली. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, मल्लेश्वरमचाच. पाऊण तास लागला. मी घाई केली नाही. मुलगी परत आली, तिने पाहिलं, आणि आतल्या खोलीत जाऊन भांडी कागदात गुंडाळायला लागली. अण्णांनी तिकडे पाहिलं. सहीच्या जागेवर पेन्सिलीचं टोक आलं होतं, तिथून ते उचललं आणि अर्ज घडी करून मला दिला.

"शाई नंतर. हिला शब्द दिलाय की. स्वल्प दिवस राहून बघतो तिकडे. प्रवेश जुलैपर्यंत असतो ना? तोवर तुमच्याजवळ ठेवा."

जुलै आला आणि गेला. अण्णांचा फोन येतो, रोज नाही, आठवड्यातून एकदा, बरोबर पाच वाजता. जेवण काय केलं ते विचारतात. मुलगी चांगली सांभाळते म्हणतात, आणि ते खरं असणार. दुकानदाराशी आता ते हिंदीतच बोलतात. मग मी म्हणते, "अण्णा, रांग लागलीय." रांग बहुतेक वेळा नसते. ते म्हणतात, "सरी, अक्का. तुमी काम करा."

मला मध्यंतरी सकाळची जागा देत होते, मी घेतली नाही. तिसऱ्या रांगेतला बाक पुन्हा डुगडुगायला लागला आहे. तिकिटांच्या घड्या कुणीतरी झाडून टाकल्या, आणि आता बसमध्येही बहुतेक जण मोबाईलवरच तिकीट काढतात. बँकेतले गृहस्थ अजून निम्म्याच्या नियमावरून भांडतात. मी त्यांना आता नियम मी केलेला नाही असं म्हणत नाही. बसा इथे, एवढंच म्हणते.

अर्ज माझ्या खणात आहे, कोऱ्या पाकिटात. दर वर्षी वरचं साल तेवढं मी बदलते, तेही पेन्सिलीने. बाकी उघडून बघत नाही. फार हाताळलं तर अक्षर पुसट होतं.